सांभाळलेले पिल्लू दगावल्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळपापासून तुटलेले, चार महिन्यांचे आशियाई हत्तीचे एक पिल्लू अनाथ पिल्लांच्या संगोपन केंद्रात आणले गेले आणि प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीने त्याला वर्षभर बाटलीने दूध पाजून वाढवले. घरच्या कामासाठी घेतलेल्या चार दिवसांच्या रजेतील तिसऱ्या दिवशी सकाळी ते सुस्त दिसू लागले, दुपारपर्यंत त्याचे डोके आणि गळा सुजला, जीभ जांभळी पडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. शवविच्छेदनात हृदयावर रक्तस्रावाचे ठिपके आढळले आणि प्रयोगशाळेने हत्तींच्या हर्पिस विषाणूचे निदान केले. तरीही केंद्रातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे ‘त्याने तुझा ध्यास घेतला होता’ हे वाक्य मनातून जात नाही. परत आल्यावर पाहायला फक्त बुजवलेली माती उरली होती. दीड महिना उलटला तरी रात्री दर तीन तासांनी जाग येते आणि केंद्रातील उरलेल्या चार पिल्लांजवळ जाताना पाय अडखळतात. माझ्या जाण्याच्या ताणामुळे विषाणू जागा झाला का, एका प्राण्यासाठी इतके दुःख होणे बरोबर आहे का आणि हे काम मी पुढे करावे का, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

यांपैकी दोषाचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो मोकळा झाल्याखेरीज बाकीच्या दोहोंविषयी मी काहीही सांगितले तरी ते तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. मी पशुवैद्य आहे आणि गेली १९ वर्षे माझे बरेचसे काम आईवेगळ्या झालेल्या हत्तींच्या पिल्लांबरोबर झाले आहे. त्या अनुभवावरून आणि तुम्ही दिलेल्या तपशिलावरून सांगते की तुम्ही रजेवर गेलात म्हणून ते पिल्लू गेले, असे मानायला कोणताही आधार मला दिसत नाही.

तुमच्या सहकाऱ्याने जे म्हटले ते मात्र पोकळ नाही, आणि म्हणूनच ते इतके खोल लागले असावे. माणूस गेल्याने पिल्लू खंगते, हे या क्षेत्रात फार मोठी किंमत देऊन कळलेले सत्य आहे. केनियातील डॅफ्ने शेल्ड्रिक यांनी १९७० च्या दशकात आयशा नावाचे अगदी कोवळे पिल्लू खोबरेल तेलाचा अंश असलेल्या दुधावर जगवून दाखवले होते. तोवर इतक्या लहान पिल्लांना गाईचे दूध पचत नसल्याने ती हाती लागत नसत. आयशा सहा महिन्यांची असताना मुलीच्या लग्नासाठी डॅफ्ने यांना काही दिवस दूर जावे लागले. एकाच व्यक्तीला सर्वस्व मानणाऱ्या त्या पिल्लाने खाणेपिणे टाकले आणि ते खंगून गेले. त्या मृत्यूनंतर त्यांनी पद्धतच बदलली. पुढे १९७७ मध्ये त्यांच्या पतीच्या स्मरणार्थ जी संस्था उभी राहिली, तिच्या नैरोबीतील संगोपनगृहात एका पिल्लाजवळ एकच माणूस कधी ठेवला जात नाही. रात्री पिल्लाशेजारी झोपणारा माणूसही आळीपाळीने बदलतो.

आता आयशाची हकीकत आणि तुमच्या पिल्लाची हकीकत शेजारी ठेवून पाहा. ध्यास घेतलेले पिल्लू दूध नाकारते, कोपऱ्यात उभे राहते, वजन गमावते, त्याला हगवण लागते आणि हे सगळे दिवसामागून दिवस चालते. तुमच्या पिल्लाने तुमच्या रजेचे पहिले दोन दिवस नेहमीप्रमाणे दूध घेतले होते, असे तुम्हीच लिहिले आहे. ते तिसऱ्या दिवशी सकाळी सुस्तावले आणि चोवीस तासांच्या आत गेले. शिवाय त्याच्याबरोबर आणखी चार पिल्ले होती, आणि ही गोष्ट तुम्ही स्वतःच्या बाजूने मोजलेलीच नाही. श्रीलंकेतील उडवलवे येथे १९९५ पासून चालणाऱ्या केंद्रात पिल्लांना दर तीन तासांनी दूध दिले जाते, पण त्यापलीकडे माणसाचा सहवास जाणीवपूर्वक कमी ठेवला जातो. पिल्ले एकमेकांच्या आधाराने वाढतात आणि पुढे जंगलात सोडली जातात. सोबती असलेले सोळा महिन्यांचे पिल्लू आणि एका बाईखेरीज जगात कोणीही नसलेले सहा महिन्यांचे पिल्लू यांची तुलना करता येत नाही.

विषाणूविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण निदान कागदावर लिहून मिळाले तरी त्याचा अर्थ कोणी तुम्हाला समजावून सांगितलेला दिसत नाही. हा विषाणू १९९९ मध्ये पहिल्यांदा नीट ओळखला गेला आणि आपल्या क्षेत्रात तो ईईएचव्ही या आद्याक्षरांनी ओळखला जातो. बहुतेक प्रौढ हत्तींच्या शरीरात तो सुप्त अवस्थेत असतो, अधूनमधून सोंडेतील स्रावांतून बाहेर पडतो आणि त्या प्रौढ हत्तींना त्याचा काही त्रास होत नाही. आशियाई हत्तींच्या साधारण एक ते आठ वर्षांच्या पिल्लांमध्ये मात्र तो कधीकधी भडकतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर तो हल्ला करतो, केशवाहिन्या गळू लागतात, हृदयाच्या स्नायूत आणि जिभेत रक्तस्राव होतो आणि शरीर रक्तदाब टिकवू शकत नाही. डोक्याची सूज आणि जांभळी जीभ ही त्याची बाहेरून दिसणारी खूण आहे, आणि ती दिसेपर्यंत आत बरेच काही घडून गेलेले असते. ज्या केंद्रांत पिल्लांचे रक्त नियमित तपासले जाते, तेथील अनुभव असा आहे की लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू रक्तात वाढत असतो. म्हणजे बहुधा तुम्ही शेवटची बाटली पाजून निघालात तेव्हाच तो त्याच्या रक्तात होता, आणि ते तुम्हाला दिसणे शक्य नव्हते.

ताणामुळे तो भडकतो का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी टाळणार नाही. ताणाचा वाटा असावा अशी शंका अनेकांनी व्यक्त केली आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. त्याउलट, ज्या पिल्लांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे कमी असतात, तीच प्रामुख्याने बळी पडतात, याला चांगला पुरावा आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरलेली असतात आणि स्वतःची पुरेशी तयार झालेली नसतात, त्या मधल्या काळात पिल्लू उघडे पडते. जगभरातील प्राणिसंग्रहालयांत या आजाराने गेलेली कितीतरी पिल्ले स्वतःच्या आईच्या पायांशी उभी होती, अंगावर पीत होती, त्यांना कोणी सोडून गेलेले नव्हते. हे वाक्य कृपया दोनदा वाचा. आईच्या सतत सहवासाने जे टळले नाही, ते तुमच्या चार दिवसांच्या रजेने ओढवले, असे म्हणता येणार नाही.

यामागे आणखी एक प्रश्न आहे, जो तुम्ही विचारलेला नाही पण जो तुमच्या मनात असणार, असे मी गृहीत धरते: मी तिथे असते, तर सकाळी आणखी दोन तास आधी लक्षात आले असते का? कदाचित आले असते. रोज हाताळणाऱ्या माणसाला पिल्लाच्या कानांच्या हालचालीतला फरकही कळतो. लवकर सुरू केलेले फॅमसिक्लोव्हिरसारखे विषाणूविरोधी औषध, शिरेवाटे दिलेले द्रव आणि मोठ्या हत्तीच्या रक्तातील प्लाझ्मा यांच्या जोरावर काही पिल्ले वाचलेलीही आहेत. पण तुमच्या पिल्लावर सकाळीच उपचार सुरू झाले होते, आणि इतक्या वेगाने चाललेल्या आजारात दोन तासांनी चित्र पालटले असते, असे मला वाटत नाही. माझ्या देखरेखीखाली एक पिल्लू याच आजाराने गेले, तेव्हा मी त्याच्यापासून दहा पावलांवर होते आणि सूज दिसताच पहिली सुई मीच दिली होती. त्यानंतर पुष्कळ दिवस मीही तासांचा हिशेब मांडत राहिले. म्हणजे तिथे हजर असणाऱ्यालाही हा हिशेब चुकत नाही.

खरी चूक आणि अपराधीपणाची भावना या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, असे मी आग्रहाने सांगते. माझ्या सुरुवातीच्या काळात विहिरीत पडलेले एक पिल्लू आमच्याकडे आले. नवव्या दिवशी ते गेले आणि मी दूध पातळ केले म्हणून ते गेले, असे मला वर्षभर वाटत राहिले. शवविच्छेदनात त्याच्या फुप्फुसांत गढूळ पाणी आणि पू सापडला होता. न्यूमोनिया त्याने विहिरीतूनच आणला होता. तो अहवाल मी वाचलेला होता, तरीही मला तो दिसला नव्हता. उलट, पुढे एकदा मी दुसऱ्या एका पिल्लाचे दूध खरोखरच फार घाईने बदलले, त्याला हगवण लागली आणि ते मरता मरता वाचले. ती माझी चूक होती. ती मी नोंदवहीत लिहिली, सहकाऱ्यांना सांगितली आणि पुन्हा केली नाही. खऱ्या चुकीचे असे काहीतरी करता येते. तुमच्या मनात जे आहे त्याचे काहीही करता येत नाही, कारण तिथे चूक सापडतच नाही.

आता दुःखाच्या प्रमाणाविषयी. बाहेरच्या माणसाला वाटते की तुम्ही एका प्राण्याची निगा राखत होता. प्रत्यक्षात तुम्ही त्या पिल्लाच्या कळपाची जागा भरून काढत होता. हत्तीण सुमारे बावीस महिने गर्भ वाहते आणि तिचे पिल्लू जन्मल्यानंतर केवळ तिचे राहत नाही. केनियातील अँबोसेली येथे १९७२ पासून चाललेल्या अभ्यासात दिसून आले की कळपातील तरुण माद्या पिल्लांना सावरतात, चिखलातून ओढून काढतात, त्यांच्यामागे धावतात, आणि अशा मावश्या ज्या कुटुंबात अधिक असतात तेथे पिल्ले अधिक जगतात. दोन वर्षांखालील पिल्लू दुधाशिवाय राहू शकत नाही, आणि दूध मिळाले तरी स्पर्शाशिवाय ते नीट पीतही नाही. म्हणून आपण टांगलेल्या घोंगडीला आईचे पोट करतो, सोंड टेकवायला आपला खांदा देतो आणि चोखायला बोटे देतो. वर्षभर दर तीन तासांनी हे केल्यावर ते वेळापत्रक तुमच्या शरीरात उतरले आहे. रात्री येणारी जाग ही त्याच्या दुधाची वेळ आहे, आणि शरीराला अजून कोणी सांगितलेले नाही की ती आता पाळायची नाही. मला स्वतःला ती जाग सुमारे चार महिने येत होती. मात्र झोपेबरोबर भूकही गेली असेल, किंवा जगण्याचाच कंटाळा यावा असे विचार येत असतील, तर कृपया मनोविकारतज्ज्ञांना भेटा. ते दुःख आपल्या आपण निस्तरण्याचे नाही.

‘हत्तीसुद्धा शोक करतात’ असे सांगून कोणी तुमची समजूत घातली असेल, तर त्याविषयी सावधपणे बोलले पाहिजे. २००३ मध्ये केनियाच्या सांबुरू भागात एलेनॉर नावाची कळपप्रमुख हत्तीण कोसळली, तेव्हा दुसऱ्याच कुटुंबातील ग्रेस नावाच्या हत्तिणीने तिला सुळ्यांनी उचलून उभे करण्याचा प्रयत्न केला, आणि मृत्यूनंतरच्या दिवसांत नात्यातले आणि बिननात्याचे असे अनेक हत्ती त्या देहाजवळ येऊन गेले. आफ्रिकी हत्तींना इतर वस्तूंपेक्षा हत्तीची कवटी आणि हस्तिदंत यांत अधिक रस असतो, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले; पण आपल्याच नातलगाची कवटी ते ओळखून निवडतात, असे त्यात आढळले नाही. उत्तर बंगालच्या चहामळ्यांत २०२२ आणि २०२३ मध्ये मेलेली पाच पिल्ले कळपांनी पाण्याच्या चरांत, पाय वर केलेल्या अवस्थेत, मातीखाली झाकलेली आढळली. या सगळ्यांतून त्यांच्या मनात नेमके काय चालते ते सांगता येत नाही. एवढे मात्र सांगता येते की मृत देहाकडे ते पाठ फिरवून निघून जात नाहीत, त्याला हुंगतात, स्पर्श करतात, त्यासाठी वेळ देतात.

तुम्हाला तो वेळ मिळाला नाही, आणि माझ्या मते तुमचे दुःख अडून राहण्याचे मुख्य कारण हेच आहे. ‘मी पोहोचेपर्यंत थांबले का नाहीत’ हा तुमचा रोष समजण्यासारखा आहे, पण त्यामागची अडचणही तुम्हाला ठाऊक असावी. अचानक मृत्यू आणि रक्तस्राव अशी अवस्था असेल, तर फाशी किंवा काळपुळी या नावांनी ओळखला जाणारा अँथ्रॅक्स नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय देह उघडताही येत नाही आणि इतरांना जवळ येऊ देता येत नाही. खात्री झाल्यावर मात्र घाई करावी लागते, कारण एवढ्या मोठ्या देहात उष्णता कोंडून राहते, ऊती लवकर सडू लागतात आणि नमुने निरुपयोगी होतात. तुमच्या सहकाऱ्यांनी त्या घाईने घेतलेल्या नमुन्यांमुळेच आज तुमच्या हातात निदान आहे. ते नसते, तर ‘त्याने ध्यास घेतला’ या वाक्याला उत्तरच देता आले नसते.

देह पाहता आला नाही, तरी त्या रात्रीची हकीकत ऐकता येते, आणि ती तुम्ही ऐकावी असे मी सुचवते. त्या पहाटे पिल्लाजवळ जो कोणी होता, त्याच्याबरोबर त्या मातीपाशी जाऊन बसा आणि सकाळपासून पहाटेपर्यंत काय काय झाले ते त्याला क्रमाने सांगायला लावा: कधी बाटली नाकारली, कुठे आडवे झाले, कोणी डोक्याखाली हात धरला. हे ऐकणे कठीण जाईल. पण न पाहिलेली रात्र माणूस दररोज नव्याने आणि अधिकाधिक भयंकर करून रचत राहतो, तर ऐकलेल्या रात्रीला शेवट असतो. असे बसल्यावर एखादे वेळी असेही ध्यानात येईल की ध्यासाचे ते वाक्य बोलणारा सहकारी त्या रात्री स्वतःच तिथे होता आणि आपल्या हातून ते निसटले याला त्यालाही काहीतरी कारण हवे होते.

काम पुढे करावे का, याचा निर्णय आज घेऊ नका. तीन-चार महिने जाऊ द्या. या काळात नव्याने येणाऱ्या पिल्लाची मुख्य जबाबदारी तुमच्यावर नसावी, रात्रपाळीही नसावी, पण उरलेल्या चौघांपासून पूर्णपणे दूर राहू नये. त्यांनी एक सोबती गमावला आहे आणि तुम्हीही त्यांना दिसेनासे झालात, तर त्यांच्या दृष्टीने दोघे गेले. ‘फार जीव लावू नये’ हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. माझा त्याला विरोध आहे. जीव न लावता पाजलेले पिल्लू दूध पिते, पण अंग धरत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. जीव एकाच्या ठिकाणी एकवटू नये, चार-पाच माणसांत आणि पिल्लांच्या आपसांत वाटला जावा, ही काळजी घ्यायची असते, आणि ती पाळ्यांच्या आखणीतून घेता येते.

जाताना पाय अडखळतात, तर निव्वळ भेटायला जाण्याऐवजी एखादे ठरावीक काम घेऊन जा. तुम्ही दिलेल्या वयांवरून पाहता ती चारही पिल्ले याच आजाराच्या वयात आहेत, आणि त्यांचे रक्त आठवड्याला एकदा तपासण्याची व्यवस्था तुमच्या केंद्रात अजून झालेली नाही. पीसीआर चाचणीत विषाणू लवकर सापडला, तर सूज येण्याआधी औषध सुरू करता येते. या विषाणूवरची लस २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात पहिल्यांदा एका हत्तिणीला टोचली गेली, पण ती सर्वत्र पोहोचेपर्यंत नियमित तपासणी हाच आपल्या हातातला उपाय आहे. मोठ्या हत्तीचा प्लाझ्मा आधीच काढून गोठवून ठेवता येईल का, हेही तुमच्या पशुवैद्यांना विचारा.

यातली सर्वांत अवघड पायरी प्रयोगशाळेत नाही. रक्त कानामागच्या शिरेतून घेतले जाते आणि घाबरलेले पिल्लू कान धरू देत नाही. बळजबरी केली, तर पुढच्या आठवड्यात ते जवळही येत नाही. ज्याचा वास आणि आवाज त्याच्या ओळखीचा आहे, अशाच माणसाला ही सवय लावता येते. बाटली पिताना एक हात नुसता कानावर ठेवावा, काही दिवसांनी कान हलकेच उलटावा, मग शिरेवर ओला कापूस फिरवावा आणि पिल्लाने डोके झटकले की त्या दिवशी तिथेच थांबावे. माझ्या अनुभवात एका पिल्लाला यासाठी तीन ते सहा आठवडे लागतात. चौघांत सर्वांत शांत कोण आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. सुरुवात त्याच्यापासून करा, सकाळच्या बाटलीला.